प्रेक्षकाची डुलकी : ‘कोर्ट’च्या निमित्ताने

कीर्तनाला बसून पेंगणाऱ्या श्रोत्याविषयीची तक्रार आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेच्या निरूपणासाठी एक स्वतंत्र समास योजिला आणि त्याला लागूनच श्रोत्याच्या अवलक्षणांचा समास ठेवला. हा शेजार केवळ योगायोगाने घडला असे मानावयास मन घेत नाही. मात्र त्या काळच्या श्रोत्याला झोपण्यासाठीही काही कष्ट पडत. देवळातला एखादा खांब गाठावा लागे. मान कलंडलीच तर शेजारचा कोपर मारी. आणि बुवा चतुर असले तर आख्यानातच एखादा टोमणा घालून साऱ्या सभेला त्याच्याकडे पाहावयास लावीत. आजच्या प्रेक्षकाला यांपैकी कशाचेच भय उरलेले नाही. चित्रपट त्याच्या उशापाशी येतो. तो झोपला तर त्याला कोणी उठवीत नाही, आणि चित्रपटही त्याच्यासाठी थांबत नाही.

हा विषय वाङ्मयीन मासिकात चर्चिण्याइतका गंभीर आहे काय, असे कोणी विचारील. आस्वाद ही जर समीक्षेची पहिली पायरी असेल, तर आस्वाद घेणारा जागा होता की नाही, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येणार नाही, असे माझे त्यावर उत्तर आहे. चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण आपण तो कोठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत पाहिला याविषयी मौन बाळगतात. मला ते बाळगता येत नाही; कारण ज्या चित्रपटाविषयी मला लिहावयाचे आहे तो मी प्रथम तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा त्यात झोपलो. तो चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’.

*

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा मराठी चित्रपट पाहण्याचा इतिहास हा बव्हंशी घरात बसून पाहण्याचाच इतिहास आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईला ते यावयास १९७२ साल उजाडले. पण यंत्र आधी आले म्हणून दिल्लीतल्या मराठी माणसाला मराठी चित्रपट आधी दिसला, असे मात्र घडले नाही. वडील सांगतात की, पुढे रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवू लागले आणि त्यांत मराठीची पाळी आली म्हणजे वसाहतीतली चार मराठी कुटुंबे एका खोलीत जमत. रविवारचे जेवण, वर सुपारी, आणि मग चित्रपट! परिणाम असा होई की, त्या चित्रपटांचे पूर्वार्ध सर्वांना ठाऊक असत, आणि उत्तरार्ध फक्त आजीला; कारण दुपारी झोपण्याची तिला सवय नव्हती. संध्याकाळी चहाच्या वेळी ती शेवट सांगे. आमच्या घरातल्या कित्येक मराठी चित्रपटांचा शेवट हा असा तोंडी परंपरेने आलेला आहे.

रंगीत चित्र १९८२ साली आले, नव्वदीच्या दशकात तारेवरच्या वाहिन्या आल्या, आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले. आता चित्रपट भिंतीपाशीही राहिलेला नाही, तो तळहातावर आला आहे. याच संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली आपली खरी स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते खरे असेल; प्रेक्षकाच्या दृष्टीने मला ते अर्धेच खरे वाटते. माझ्या घरापुरते बोलावयाचे तर निद्रा ही या करमणुकीची प्रतिस्पर्धी नसून भागीदार आहे. पूर्वी पाहून झालेली एखादी मालिका लावावी, आवाज कमी करावा, दिवा मालवावा आणि त्या ओळखीच्या आवाजांच्या सोबतीने झोपी जावे, हा आज अनेकांचा नित्यक्रम झाला आहे. दूरचित्रवाणीच्या संचात ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असते, ती काय जागणाऱ्यासाठी केलेली आहे?

या सवयीचा मी उपहास करू इच्छीत नाही. एकट्या माणसाला, परमुलखातल्या माणसाला, झोपताना कोणाचा तरी आवाज लागतो. प्रश्न एवढाच आहे की, आवाजाकडे पाठ करून झोपण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली, तो गंभीर कलाकृतीसमोर बसतो तेव्हा काय होते?

*

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतल्या एकाला तो ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणतो. स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला मनुष्य समोरच्या वस्तूवर आपले चित्त कसे विसावणार, असा त्याचा प्रश्न आहे. मुलाचा ताप, महिनाअखेरची ओढाताण, दुखणारी पाठ किंवा नुकतेच झालेले सुग्रास जेवण, ही सारी या एका विघ्नाच्या पोटात येतात.

परंतु अभिनवगुप्त विघ्न सांगून थांबत नाही. त्याचा उपायही सांगतो, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गायन, वादन, चित्रविचित्र मंडप, विदग्ध कलावती यांच्या योगाने प्रेक्षकाच्या चित्ताचे रंजन करावे, म्हणजे अरसिकही निर्मळ हृदयाचा होऊन सहृदय बनतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे नाट्यमंडप हा नुसता पावसापाण्याचा आडोसा नव्हे. प्रेक्षकाला त्याच्या घरातून, त्याच्या देहातून, त्याच्या दिवसातून बाहेर काढण्याचे ते साधन आहे. चित्रपटगृहाचा काळोख, तिकीट काढून केलेला संकल्प, शेजारच्या अनोळखी माणसांचे श्वास, या सर्वांचे कार्य तेच.

घरी हा मंडपच नाहीसा होतो. खुर्ची तीच, जिच्यावर बसून आपण दाढी करतो. दिवा तोच, ज्याच्याखाली मुलगी पाढे म्हणते. चित्रपटाने एकट्याच्या बळावर आपल्याला त्या खोलीतून उचलून न्यावे, अशी आपली अपेक्षा असते. जे चित्रपट प्रेक्षकाला गदागदा हलवून नेतात, त्यांना हे जमते. जे त्याने आपल्या पायांनी चालत यावे अशी वाट पाहतात, त्यांची घरात पंचाईत होते. ‘कोर्ट’ हा दुसऱ्या जातीचा चित्रपट आहे.

*

‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि तेथे दोन पारितोषिके घेऊन आला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. त्यांचे गीत ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटारसफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. खटला मुंबईच्या एका कनिष्ठ न्यायालयात चालतो. विनय व्होरा हे बचावाचे वकील, नूतन या सरकारी वकील, आणि सदावर्ते हे न्यायाधीश. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली; एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले.

या चित्रपटात कॅमेरा क्वचितच हलतो. तो न्यायालयाच्या खोलीत दूरवर उभा राहतो आणि पाहत राहतो. मुख्य खटल्याच्या आधी दुसऱ्या कोणाचे तरी प्रकरण पुकारले जाते, तेही आपल्याला पाहावे लागते. बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचे प्रकरण न्यायाधीश तेवढ्या कारणावरून पुढे ढकलतात, तेही आपण पाहतो. बोलणे संपले तरी दृश्य लगेच संपत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीचा जो विचार मांडला आहे त्याच्या भाषेत बोलावयाचे तर, या चित्रपटाची लय घटनांच्या संवादविरोधातून तितकीशी निर्माण होत नाही, जितकी ती अवधींच्या समतोलातून होते. न्यायालयातला अवधी आणि घरातला अवधी, पुकाऱ्याचा अवधी आणि मौनाचा अवधी, हे एकमेकांसमोर तोलून धरलेले आहेत. म्हणून यातला एखादा तुकडा झोपेत गेला की कथा कळते, पण तोल कळत नाही.

माझे नेमके हेच झाले. पहिल्या खेपेस मी साक्षीपुराव्याच्या वाचनातच झोपलो. दुसऱ्या खेपेस पडदा काळा झालेला पाहिला आणि चित्रपट संपला असे समजून संच बंद केला. तिसऱ्या खेपेस मयत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहिली तिथवर जागा होतो, आणि डोळे उघडले तेव्हा भलतेच दृश्य चालले होते. “अहो, पुन्हा झोपलात ना?” असे सौभाग्यवतीने विचारले, तेव्हा “छे, डोळे मिटून ऐकत होतो” असे उत्तर मी दिले. झोप अगदी वरवरची असते तेव्हा माणसाला आपण झोपलो होतो हे प्रामाणिकपणेच पटत नाही, हे खरे. पण माझ्या उत्तरात तेवढाही प्रामाणिकपणा नव्हता.

चौथ्या खेपेस मी रविवारी सकाळी, आंघोळ करून, पडदे ओढून आणि ताठ खुर्चीवर बसून तो चित्रपट पाहिला. तेव्हा मला कळले की, मी जे झोपेत घालविले होते तोच या चित्रपटाचा गाभा होता.

त्या विधवेच्या साक्षीत आक्रोश नाही. विचारलेल्या प्रश्नांना ती कोरडी उत्तरे देते. नवरा काम करण्यापूर्वी दारू पीत असे, कारण त्यावाचून ती दुर्गंधी सोसवत नसे. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्याआधी तो आत खडा टाकी आणि झुरळ बाहेर येते की काय ते पाही. झुरळ आले तर आत श्वास घेण्यापुरती हवा आहे असे समजून उतरे. संरक्षणाची साधने त्याच्यापाशी नव्हती. या चार वाक्यांत आत्महत्येचा आरोप कोसळतो. कारण जो मनुष्य झुरळाला विचारून उतरतो त्याला जगावयाचे असते. आणि तरीही न्यायालयात काहीच हलत नाही. न्यायाधीश तिच्या बोलण्याचा गोषवारा इंग्रजीत सांगतात आणि टंकलेखक तो उतरवून घेतो. ती बोलते तेव्हा ते एका माणसाचे मरण असते. कागदावर येते तेव्हा ते साक्षीदाराचे निवेदन होते.

हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ सालचा. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्च २०१४ चा, म्हणजे या चित्रपटाच्याच वर्षातला. आणि ती रक्कम तीस लाख करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ चा. रक्कम वाढवावी लागली यातच माणसे मरावयाची थांबली नाहीत हे आले. ही साक्ष आजही जुनी झालेली नाही.

*

मग मी तिथेच का झोपलो? दृश्य कंटाळवाणे होते म्हणून, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. इराणचे अब्बास कियारोस्तामी यांनी तर प्रेक्षकाला चित्रपटगृहात झोप आणणारे चित्रपट आपल्याला आवडतात, असे मोकळेपणाने म्हटले होते. असे चित्रपट माणसाला सुखाने झोपू देतात आणि पुढे कित्येक रात्री जागवितात, हा त्यांचा अभिप्राय. ही झोप विश्वासाची झोप होय. ताम्हाणे यांच्याच पुढच्या ‘द डिसायपल’ या चित्रपटात तिचा अनुभव येतो. २०२१ साली तो नेटफ्लिक्सवरून थेट आपल्या घरांत आला. त्यात नायक रात्री मोटारसायकलीवरून रिकाम्या रस्त्याने संथ गतीने जातो आणि कानात माईंचे ध्वनिमुद्रित प्रवचन चालू असते. तिथे डोळा लागला तर स्वरांच्या मागोमाग स्वप्नात गेल्यासारखे होते. हरवत काहीच नाही.

‘कोर्ट’मधली माझी झोप या जातीची नव्हती. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. आवक टपाल नोंदविणे, मागील पत्रव्यवहार जोडून टिपणी वर पाठविणे, ‘पुढील आदेशार्थ सादर’ असा शेरा मारणे, हे माझे काम. ज्या एकसुरी आवाजात तो न्यायाधीश साक्षीचा गोषवारा सांगतो, तो आवाज मी रोज ऐकतो. खरे सांगावयाचे तर तो माझाही आवाज आहे. कोणा निवृत्त शिपायाच्या विधवेचा अर्ज माझ्या टेबलावर येतो, तेव्हा तिने चार पाने भरून लिहिलेली हकीकत मी दीड ओळीत आणतो, आणि वरिष्ठ माझ्या संक्षेपाची तारीफ करतात. त्या सुराला झोपण्याची माझ्या कानांना सवय आहे. चित्रपटाने तोच सूर लावला आणि मी माझ्या सवयीप्रमाणे झोपलो. याला कंटाळा म्हणता येत नाही. हे प्रावीण्य आहे, आणि ते मला नोकरीने शिकविले आहे.

दुसरे एक दृश्य मी झोपलो नसतानाही ओझरतेच पाहिले होते. सरकारी वकीलबाई कुटुंबासह एक मराठी नाटक पाहावयास जातात. त्या नाटकात परप्रांतीयाची यथेच्छ टवाळी होते आणि प्रेक्षागृह हशा नि टाळ्यांनी दुमदुमून जाते. मुंबईच्या प्रेक्षकाला हे दृश्य कसे वाटले असेल ते असो. आम्ही दिल्लीत राहणारे मराठी लोक येथे स्वतःच परप्रांतीय आहोत. आमच्या मंडळाच्या सभागृहात नाटके होतात, तेव्हा आम्हीही अशाच जागी हसतो. ही बाई दुष्ट नाही. ती दमलेली आहे, मूल सांभाळते, स्वयंपाक करते, आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह हसते. जागेपणीही मनुष्य झोपू शकतो हे दाखविण्यासाठी याहून साधे दृश्य क्वचितच कोणी योजिले असेल.

*

आता शेवट. जामीन नाकारला जातो, न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, माणसे निघून जातात, एकेक दिवा मालविला जातो आणि पडदा काही क्षण काळा होतो. चित्रपटगृहात हा काळोख सभागृहाच्या काळोखाशी एकजीव होत असला पाहिजे; प्रेक्षक त्या बंद न्यायालयातच कोंडला जात असला पाहिजे. घरात तसे होत नाही. घरात पडद्याचा काळोख म्हणजे एक काळी काच, आणि तिच्यात दिसते ती आपली खोली. दुसऱ्या खेपेस मी तेथेच संच बंद केला, आणि सुटीवर गेलेल्या न्यायालयाबरोबर मीही सुटीवर गेलो.

पण काळोखानंतर चित्रपट आहे. न्यायाधीश सहलीला गेले आहेत. मुलगा बोलत नाही या चिंतेत असलेल्या एका पालकाला ते नाव बदलावयास आणि बोटात खडा घालावयास सांगतात. मग बागेत एका बाकावर त्यांचा डोळा लागतो. मुले गुपचूप येऊन एकदम ओरडतात. ते दचकून उठतात, हाती लागलेल्या मुलाला थप्पड मारतात, आणि पुन्हा पेंगू लागतात. तेथे चित्रपट संपतो.

हा शेवट मला प्रथम अनावश्यक वाटला होता. इतका वेळ काहीही समजावून न सांगणाऱ्या दिग्दर्शकाने येथे बोट दाखवून सांगितले आहे, काळोखावर थांबणे अधिक कलात्मक झाले असते, असे माझे मत होते. खडा आणि थप्पड दोन्ही एकाच ठिकाणी आल्याने थोडी घाई झाल्यासारखे अजूनही वाटते. तथापि मूळ आक्षेप मी आता मागे घेतो. काळोखावर संपलेला चित्रपट ताठ बसलेल्या प्रेक्षकाला पुरला असता. अंथरुणावर पाहणाऱ्या, तीनदा झोपलेल्या प्रेक्षकाला त्या मुलांची आरोळी आवश्यक होती. बाकावरचा तो मनुष्य दुष्टबुद्धीने झोपलेला नाही. दिवसभराचे काम करून, सुटीच्या हक्काने झोपलेला आहे. त्याला जागे करणाऱ्याला मात्र थप्पड बसते. आपल्या झोपेचे रक्षण आपण किती तत्परतेने करतो, हे त्या एका हालचालीत आले आहे. “अहो, झोपलात ना?” या प्रश्नाला मी दिलेले उत्तर हे त्या थप्पडीचेच सौम्य रूप होते.

यावरून घरी चित्रपट पाहू नये, असा निष्कर्ष मी काढीत नाही. आमच्यासारख्यांना दुसरा मार्गही नाही. मराठी चित्रपटाचा खेळ येथे क्वचित लागतो, आणि लागतो तोही अडनिड्या वेळी. मंडप मिळत नसेल तर तो आपला आपण उभारला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे. वेळ ठरवावी, दार लावावे, पाठ ताठ ठेवावी. झोपेसाठी ओळखीच्या मालिका खुशाल ठेवाव्यात. परंतु ज्या चित्रपटात कोणी साक्षीला उभे आहे, तो उशाशी घेऊ नये.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी एका विधवेचा अर्ज माझ्याकडे आला. मी तो सबंध वाचला. टिपणी या वेळी दीड ओळीऐवजी बारा ओळींची झाली, आणि ती ‘संक्षेप करावा’ अशा शेऱ्यानिशी परत आली. मी ती आठ ओळींवर आणली आहे. त्याहून खाली नेण्याचा सध्या तरी विचार नाही.